तुमचे प्रश्न : ऊनघुसळणी गारवा का देत नाही?

प्रश्न : गच्चीवर अडीच फेजची ऊनघुसळणी बसवली आहे. सकाळी बरी चालते, पण दुपारी गारव्याऐवजी कालचाच उकाडा बाहेर टाकते आणि आतून कण्हते. मिस्त्री म्हणतो, पाऊणवाहक बदला. बदलू का? (नंदनवन)

उत्तर : बदलू नका. पाऊणवाहक जळाला असता तर यंत्रानं उकाडासुद्धा टाकला नसता, नुसतं मख्ख बसलं असतं. कण्हते ती उणेदाती गरारी. हिला उणे १७ दात असतात. शेजारच्या गरारीचे अधिक १७, दोन्ही मिळून शून्य झाले पाहिजेत. पारा ४५ च्या वर गेला की पितळ फुगतं, एखादा दात पुरेसा उणा राहत नाही आणि बाकी १ उरते. ही बाकी रवीला उलटी फिरवते, म्हणून घुसळण मागच्या तारखेत जाते.

आधी मेन स्विच बंद करा. रुसवामापकाचा काटा ४० मिलिनखऱ्यांखाली उतरेपर्यंत झाकणाला हात लावू नका. घाई केली की यंत्र आणखी फुगून बसतं. मग डावीकडचा मनधरणी व्हॉल्व्ह पाव फेरा सैल करा. पाव म्हणजे पावच. गरारी काढून वाळ्याच्या ओल्या ताटीत रात्रभर गुंडाळून ठेवा आणि सकाळी दात मोजा. उणे १६ भरले तर कानशीनं घासून एक वाढवा. उणा दात घासल्यानंच वाढतो, हे नव्या मिस्त्र्यांना कितीही सांगा, पटत नाही.

बसवताना गरारीवरची खूण झिरो माईलच्या खांबाकडे हवी. तिथल्या चार घोड्यांपैकी नेमक्या कोणत्या घोड्याकडे, यावर इतवारीतल्या कारागिरांचं अजून एकमत नाही. आमच्या मते घोड्यांचा संबंधच नाही, खांब पुरे.

गॅस्केट संत्र्याच्या सालीचं, तेही मृग बहराच्या. ही फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतात, त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडावर साल ताजी मिळते. आंबिया बहराची साल ऑक्टोबर-नोव्हेंबरची. मेपर्यंत ती वाळून टणक होते आणि सगळा गारवा सांध्यातून गळून शेजाऱ्याकडे जातो. असा गेलेला गारवा शेजारी परत करत नाहीत.

प्रश्न : वंगण म्हणून सावजीची तर्री चालेल का? (महाल)

उत्तर : चालेल, पण दोनदा गाळून, १२० मिलि. लवंगेचा तुकडा राहिला की रवीला ठसका लागतो. पोह्यांवरची चण्याची तर्री नको, ती पातळ पडते.

प्रश्न : हे यंत्र नेमकं करतं काय? (धंतोली)

उत्तर : ऊन घुसळतं.

प्रश्न : हंगाम संपला की टाकीच्या तळाशी उन्हाचा चोथा उरतो. नालीत सोडला तर? (हिंगणा)

उत्तर : अजिबात नको, भर पावसाळ्यात नाली कोरडी पडेल. चोथा गोणपाटात बांधून सावलीत ठेवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते तेव्हा एखाद्या बडग्याच्या पोटात भरा आणि मोठ्यानं ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणा. पावती मिळत नाही. मात्र बांधण्याआधी वजन करा. अर्ध्या किलोच्या वर भरलं, तर रवीची पाती झिजली आहेत. सहाही एकदमच बदला; पाच जुनी आणि एक नवं ठेवलं की नव्याला कुणी काम करू देत नाही.