विज्ञानकथांचे जुने अंक ठेवावेत की रद्दीत द्यावेत?

वडिलांच्या पेटीत विज्ञानकथांचे जुने दिवाळी अंक आणि इंद्रजाल कॉमिक्स सापडली आहेत, कथा तर आता पुस्तकांत मिळतात, मग हा पसारा सांभाळावा का, असे आपण विचारले आहे. मी सोलापूरचा. शाळेत असल्यापासून, म्हणजे चाळीसहून अधिक वर्षे, हेच जमवत आलो आहे. त्यामुळे आधी विनंती करतो, ते रद्दीत देऊ नका.

कथा पुस्तकांत मिळतात, हे अर्धेच खरे आहे. मराठी विज्ञानकथा वाढली ती मासिकांत, दिवाळी अंकांत आणि कथास्पर्धांत. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला बक्षीस मिळाले, तेव्हा लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप असे होते. जयंत विष्णू नारळीकरांनी आपली आद्याक्षरे उलट्या क्रमाने लावून ते घेतले होते. नारळीकरांच्या कथा पुढे पुस्तकरूपाने आल्या आणि आजही मिळतात. परंतु त्याच काळात ‘नवल’, ‘धनंजय’ यांसारख्या अंकांतून हौसेने लिहिणाऱ्या अनेकांच्या कथा पुस्तकापर्यंत कधी पोहोचल्याच नाहीत. त्यांच्या बाबतीत अंक गेला की कथाही गेली.

माझ्या संग्रहाची सुरुवात मात्र अंकांनी झाली नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत वडिलांनी घेऊन दिलेले, चावी फिरवल्यावर गरगरत पुढे जाणारे पत्र्याचे रॉकेट ही पहिली वस्तू. त्याचा लाल रंग आता कडांपुरताच उरला आहे आणि चावी हरवली आहे. नंतर साखर पेठेतल्या एका रद्दीवाल्याकडे दर रविवारी जाऊ लागलो. तो किलोच्या भावाने देई, पण मी गठ्ठा उपसत बसलो तरी कधी उठवत नसे. तिथेच फ्लॅश गॉर्डनचे एक मराठी कॉमिक मिळाले. त्याला मुखपृष्ठ नाही, शेवटचे पानही नाही. पण आतल्या एका चित्रात अंतराळयानावर कुणा अनोळखी मुलाने निळ्या शाईने ‘भारत’ असे लिहिले आहे, आणि ती शाई मागच्या पानावर उमटली आहे. राकेश शर्मा १९८४ साली सोयुझ यानातून गेले, त्याच्या आधी हे लिहिले असेल की नंतर, याचा विचार मी आजही करतो. संग्रहातली चांगल्या स्थितीतली कॉमिक्स एखाद्या वेळी कुणाला देईनही, हे देणार नाही.

जपणुकीच्या बाबतीत माझी चूक आपण करू नका. कॉलेजात असताना मी साठेक कॉमिक्स एका बाइंडरकडे दिली. त्याने मुखपृष्ठे काढून टाकली आणि कडा समान करण्यासाठी इतके कापले की काही संवादांचे फुगे अर्ध्यावर तुटले. ते दोन जाड खंड उघडताना आजही वाईट वाटते.

तेव्हा अंक सुटेच ठेवा. गंजलेल्या पिना हळूच काढून पाने पांढऱ्या सुती दोऱ्याने टाचा, कारण गंज कागद खातो. सेलोटेप अजिबात लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि तिचा डाग कायमचा राहतो. स्वस्त कागद मुळातच आम्लधर्मी असल्यामुळे ऊन आणि उष्णता यांनी लवकर ठिसूळ होतो. आमच्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेले अंक हात लावताच तुटतात, म्हणून मी ते आतल्या खोलीत, आडवे, जुन्या धुतलेल्या सुती चादरीत गुंडाळून ठेवतो. कडुनिंबाची पाने ठेवायची असतील तर पूर्ण वाळवून ठेवा, ओलसर राहिली तर बुरशी धरते.

मात्र या सगळ्याच्या आधी प्रत्येक अंकाची अनुक्रमणिका एका वहीत उतरवून घ्या: अंकाचे नाव, साल, कथा, लेखक. त्यातली विज्ञानकथांची शीर्षके इथेच लिहिलीत, तर मी ती माझ्या यादीशी ताडून पाहीन. अनेक वर्षे शोधत असलेले काही अंक अजून मला मिळालेले नाहीत.