वाचक विचारतात : माटुंग्याची फिल्टर कॉफी

प्रश्न : चौदा वर्षांनी माटुंग्याच्या आमच्या नेहमीच्या उडुपी हॉटेलात गेले. टेबलं तीच, पेला आणि त्याखालचा खोलगट दवरा तोच, पण कॉफी पाणचट आणि गोडमिट्ट. त्यांनी कॉफी बदलली, की माझी जीभ बदलली?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : एका पेल्यावरून निकाल देऊ नका. कोणत्या वेळी गेला होतात, ते आधी आठवा. पावडरीवरून पहिलं पाणी उतरतं ते खरं डिकॉक्शन. गर्दीत त्याच पावडरीवर दुसरं पाणी ओतलं, तर रंग बऱ्यापैकी येतो, दम येत नाही. मग तो पाणचटपणा साखरेखाली झाकला जातो.

चिकोरीचा प्रकार वेगळा. फिल्टर कॉफीच्या पावडरीत मिसळतात ती चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ, तिच्यात कॅफीन नसतं. ती डिकॉक्शनला दाटपणा, काळपट रंग आणि किंचित जळक्या गुळासारखी चव देते, पण कॉफीचा वास देत नाही. म्हणून पेला हातात आला की आधी हुंगा. रंग गडद आणि वास बेताचा, तर चिकोरी जास्त असण्याची शक्यता. रंगच फिका, तर डिकॉक्शन कमी किंवा दुसऱ्या पाण्याचं.

पुन्हा जाल तेव्हा आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, सकाळी आठच्या आत जा. ‘स्ट्राँग, साखर वेगळी’ असं बसल्याबसल्याच सांगा. साखर घालून झाल्यावर सांगून उपयोग नाही. पेल्यातून दवऱ्यात दोनदा ओता, तेवढं पुरे. चारपाचदा उंचावरून ओतलेली कॉफी फेसाळ दिसते आणि कोमट होते. पहिला घोट बिनसाखरेचा. तोही पाणचट लागला, तर जिभेला दोष देऊ नका. मात्र इतकी वर्षं घरी दुधातच उकळलेली इन्स्टंट प्यायची सवय असेल, तर फिल्टर कॉफी सुरुवातीला पातळ वाटणारच.

प्रश्न : माटुंग्याहून ताजी दळलेली पावडर आणली, स्टीलचा फिल्टरही घेतला. कधी डिकॉक्शन पाच मिनिटांत भसाभस खाली येतं, कधी तासभर थेंब पडत नाही.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोन पेल्यांसाठी शिगोशीग तीन मोठे चमचे, म्हणजे साधारण 20 ग्रॅम पावडर आणि 150 मिली पाणी. पावडर स्वतःच्या वजनाच्या जवळपास दुप्पट पाणी धरून ठेवते, त्यामुळे खाली 110 मिलीच्या आसपासच उतरेल. कमी आलं म्हणून वरून पाणी वाढवू नका.

फिल्टरचं वरचं, तळाला भोकं असलेलं भांडं कोरडं हवं. पावडर घालून भांडं हलकेच आपटा, दांड्याची चकती वर ठेवून नुसती टेकवा. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करा, अर्ध्या मिनिटाने आधी दोन चमचे पाणी गोल फिरवत घाला. पावडर फुगू द्या, मग उरलेलं ओता. पंधरा-वीस मिनिटांत उतरलं तर बरोबर.

भसाभस येत असेल तर दळण जाडं आहे, किंवा चकती तिरकी बसून पाणी कडेने निसटतंय. थेंबच पडत नसेल तर चकती दाबून बसवलीत, किंवा दळण मैद्यासारखं आहे. चिकोरी जास्त असली तरीही हेच होतं, कारण ती पाण्यात फुगते. आणखी एक गंमत : झाकण घट्ट बसलं की वरून हवा आत जात नाही आणि पाणी अडतं. झाकण जरा सरकवा, बऱ्याचदा लगेच ठिबकायला लागतं.

एवढं करूनही अडलं, तर भोकं बुजलीत. स्टीलचं वरचं भांडं मंद आचेवर तापवा, अडकलेली पावडर जळून जाते. गार झाल्यावर घासा. पितळी, कल्हईचा फिल्टर मात्र कोरडा आचेवर धरू नका. कल्हई म्हणजे कथील, ते 232 अंशांना वितळतं. तो गरम पाण्यात भिजवून ब्रशनेच साफ करायचा.

पावडर एका वेळी 200 ग्रॅमच्या वर आणू नका. दळल्यावर वास उडायला लागतो आणि पंधरा दिवसांनी तो बराच ओसरलेला असतो. दुकानात चिकोरीचं प्रमाण सांगून दळून घ्या. सुरुवातीला 80 भाग कॉफी, 20 भाग चिकोरी ठीक. बंद पाकिटावर दोन्हींची टक्केवारी छापलेली असते. नियमाने कॉफी किमान 51 टक्के हवी, म्हणजे उरलेली 49 टक्के चिकोरी असली तरी ते पाकीट कायदेशीरच. भाव स्वस्त दिसला की हा आकडा आधी वाचा.

पेल्यात 50 मिली डिकॉक्शन, 100 मिली नुकतंच उकळलेलं दूध. दोन्ही एकत्र करून पुन्हा उकळू नका, कडवट होते. इमारतीला बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येत असेल, तर तीच पावडर घरी सपक लागते. एकदा पालिकेच्या पाण्याने करून बघा.

प्रश्न : वडिलांना रविवारी माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला कॉफी प्यायला न्यायचंय. ते 78 वर्षांचे आहेत, उभं राहवत नाही.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : रविवार टाळा. 1940 पासूनच्या कॅफे मद्रासबाहेर सुट्टीच्या दिवशी नाव लिहून ताटकळावं लागतं, आणि आत टेबल अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यावं लागू शकतं. सोमवारही नको, तिथली बरीच जुनी उडुपी हॉटेलं त्या दिवशी बंद असतात. मंगळवार ते गुरुवार, सकाळी साडेसातला पोचा. जेवणही करायचं असेल तर रामा नायकांचं 1942 चं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग माटुंगा स्टेशनच्या पूर्वेला अगदी जवळ आहे, पण ते वरच्या मजल्यावर आहे. जिना चढवत नसेल तर कॉफीवरच भागवा.