वर्गाबाहेरचा तास : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी नववी-दहावीला भूगोल शिकवतो. मुलांना बाहेर नेऊन शिकवावं असं फार वाटतं. मुख्याध्यापक म्हणतात, "वर्षातून एकदा सहल होते ना, मग आणखी कशाला?" सहकारी विचारतात, पोर्शन कधी संपवणार? पालकांना सुरक्षिततेची धास्ती. सुरुवात कुठून करू?
— एक शिक्षक

उत्तर : सर, शाळेच्या मैदानापासून करा. त्याला ना बस लागते ना संमतीपत्र.

सहलीवरून मुख्याध्यापकांशी वाद घालत बसू नका. पोरांना बसमध्ये कोंबायचं, एखादं ठिकाण दाखवायचं, तिथेही भाषणच ऐकवायचं आणि परत आणायचं, हा छप्पर काढलेला वर्गच झाला. मी स्वतःला एवढंच विचारत आले : बाहेर गेल्याशिवाय ज्याचं उत्तर मिळणारच नाही, असा प्रश्न मुलांच्या हातात आहे का? नसेल तर खुशाल वर्गात बसा, फळा काही वाईट नसतो.

असा एक प्रश्न देते. आपल्या शाळेत खरी दुपार किती वाजता होते? मीटरभर उंचीची सरळ काठी मैदानात ओळंब्यानं उभी रोवा. सकाळच्या तासाला सावलीच्या टोकाशी खूण करा, वेळ लिहा आणि काठी मध्यावर धरून त्या खुणेतून जाणारं वर्तुळ दोरीनं आखा. सावली आधी आखूड होत आत जाईल आणि दुपारनंतर लांबत पुन्हा वर्तुळाला टेकेल. तो क्षण पकडायला दोन पोरं पहाऱ्यावर बसवा. (मस्ती करणारी दोन निवडा, ती सर्वांत चोख पहारा देतात.) समजा, पहिली खूण १०.४०ची आणि दुसरी २.२०ची आली, तर बरोबर मधली वेळ १२.३०. म्हणजे सूर्य माथ्यावरच्या रेषेत आला तेव्हा घड्याळात साडेबारा वाजले होते!

इथे वर्गात भांडण लागतं आणि ते लागू द्यावं. कुणी म्हणेल घड्याळ पुढे आहे, कुणी म्हणेल काठी कलली होती. लगेच उत्तर सांगू नका. मग हळूच आठवण करून द्या, की पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे एका रेखांशाला ४ मिनिटं. प्रमाणवेळ ज्या रेखावृत्ताची आहे त्यापासून आपण किती अंश लांब आहोत, हे मुलं नकाशात स्वतः शोधतात. त्यातूनही काही मिनिटं उरतात, कारण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे. हा फरक वर्षभरात जास्तीत जास्त साधारण १६ मिनिटांपर्यंत जातो. वर्तुळावरच्या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. तिच्याशेजारी होकायंत्र ठेवा. बऱ्याच ठिकाणी सुई थोडी भलतीकडे दाखवते, म्हणजे चुंबकीय उत्तरेचा धडाही तिथेच उरकतो. पोर्शनची काळजी करणाऱ्यांना विचारा, यातलं पाठ्यपुस्तकाबाहेरचं काय होतं?

मैदान जमलं की मग फाटकाबाहेर. पायी जायचं असेल तर वेळेचा अंदाज मुलांनाच काढू द्या. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली दिलेला हिशोब आजही वापरतात : ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. ६ किलोमीटर वाट आणि ३०० मीटर चढ असेल तर १ तास ४२ मिनिटं. पण हा हिशोब धडधाकट, न थांबता चालणाऱ्या मोठ्या माणसाचा. पाठीवर पिशव्या घेतलेला वर्ग मागेच पडणार. किती आणि का, ते त्यांनी वहीत लिहावं. वाट कुठे वळते तेही त्यांनीच नकाशावरून ठरवावं. तुम्ही मागून चाला आणि वाट अगदीच चुकेपर्यंत तोंड बंद ठेवा. शिक्षकाला हे सर्वांत जड जातं.

पालकांना "काही होणार नाही हो" असं सांगू नका, कुणाचा विश्वास बसत नाही. कागद दाखवा. वाट तुम्ही आधी स्वतः चालून आलात का, सर्वांत हळू चालणारं मूल पुढे ठेवणार का, दमा किंवा ॲलर्जी कुणाला आहे, औषध कुणाजवळ आहे, परत फिरायची वेळ कोणती. गडगडाट ऐकू आला की आसऱ्याला जायचं, एकट्या झाडाखाली नाही. आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. एवढं लिहून दिलंत तर निम्मी धास्ती तिथेच उतरते.

प्रश्न : मुलगी चौदा वर्षांची आहे. शाळेचं तीन दिवसांचं मुक्कामी शिबिर आहे आणि ती "जाणार नाही" म्हणून अडून बसली आहे. धीट व्हावी म्हणून पाठवावं का?
— एक आई

उत्तर : ढकलून पाठवू नका. कुर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञानं १९४१ मध्ये वेल्समधल्या अबरडोवी इथे 'आउटवर्ड बाउंड' या साहसी शिबिरांच्या संस्थेची पहिली शाळा काढली, तेव्हापासून अशा शिबिरांना जरा कणखरपणाची हौस आहे. ती मला पूर्ण पटत नाही. घाबरलेलं मूल शिकत नाही, ते फक्त वेळ काढतं.

आधी नकाराचं कारण काढा, आणि "भीती वाटते का गं?" असं विचारून नाही. या वयाच्या मुलींना डोंगराची भीती क्वचितच असते. तंबूत शेजारी कोण झोपणार, शौचालय कुठे आहे, पाळी आली तर सांगायचं कुणाला, हे खरे प्रश्न असतात आणि माहितीपत्रकात त्यांना जागा नसते. तुम्ही वर्गशिक्षिकेला फोन करा आणि उत्तरं मुलीसमोर ठेवा. तंबूसाठी एक मैत्रीण तिला निवडू द्यावी, हेही मागा. एखाद्या उपक्रमात तिनं दोर पकडण्यापुरताच भाग घेतला तर चालेल का, हेही विचारा. शाळेनं "सगळ्यांनी सगळं करायचं" असं सांगितलं, तर मी तिला यंदा घरीच ठेवेन.