पुढच्या आठवड्यात लिव्हर बायोप्सी आहे, काय तयारी करू आणि खूप दुखतं का?

माझी दोन वर्षांपूर्वी झाली, म्हणून लिहितोय. मी गोव्यातल्या डिचोलीचा, थेंबभर फेणी कधी घेतली नाही, तरी लिव्हर म्हटल्यावर प्रत्येकाने आधी हेच विचारलं, "सोरो (दारू) घेता?" माझं एसजीपीटी (रक्ततपासणीतला लिव्हरचा आकडा) वर्षभर वाढलेलं, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते बाहेरूनच मोजणारी तपासणी) करूनही नक्की कळेना म्हणून डॉक्टरांनी बायोप्सी, म्हणजे सुईने लिव्हरचा बारीक तुकडा काढून तपासणं, सांगितली. बायोप्सी म्हणजे कॅन्सरच असं नसतं हो, हे तुमच्या घरच्यांनाही सांगून ठेवा, माझ्या आईने तर शांतादुर्गेला नवससुद्धा बोलून टाकला होता.

तयारीत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गोळ्या. लिव्हरमध्ये रक्त भरपूर खेळतं, सुई गेल्यावर ते लगेच थांबायला हवं, म्हणून आधी प्लेटलेट आणि पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त किती लवकर गोठतं ते, बघतात. माझे दोन्ही रिपोर्ट चांगले आले पण मी गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन घेत होतो ते सांगायचंच राहिलं, मला वाटलं दुखण्याची गोळी ती, तिचा इथे काय संबंध, पण तिच्यानेही रक्त थांबायला वेळ लागू शकतो. आदल्या दिवशी नर्सने सहज विचारलं तेव्हा तोंडातून निघालं आणि तारीख आठवडाभर पुढे गेली. चूक माझीच. तेव्हा अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरीन (या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या), कंबरदुखीची गोळी, फिश ऑइल, वैद्याचा काढा, सगळ्याची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. पण स्वतःच्या मनाने काही बंद करू नका, हार्टची गोळी तर अजिबात नाही, कधी थांबवायची ते त्यांनाच ठरवू दे. डायबेटिस असेल तर उपाशीपोटी इन्सुलिनचं काय करायचं तेही विचारा.

मला सहा तास उपाशी राहायला सांगितलं होतं, रात्री उकड्या तांदळाची पेज आणि झोप. शर्ट पुढून बटणांचा घाला.

आता दुखण्याचं. पाठीवर झोपवतात, उजवा हात डोक्याखाली, सोनोग्राफीवर बघून फासळ्यांमध्ये जागा ठरवतात आणि तिथे बधिर करायचं इंजेक्शन देतात, खरं चुरचुरतं ते हेच. मग श्वास सोडून धरायला सांगतात, तेवढे चार-पाच सेकंद हलायचं नाही, हे घरी दोन-तीनदा करून बघा. टक् असा स्टेपलरसारखा आवाज आला की झालं. मला बाटलीतला तुकडा दाखवला, शेवयाच्या तुकड्याएवढा, दोनेक सेंटिमीटर.

खरा कंटाळा नंतरचा. उजव्या कुशीवर दोन तास पडून, नर्स सारखी बीपी बघायला येते, मग अजून काही तास देखरेखीखाली. माझा उजवा खांदा दुखायला लागला तेव्हा मी घाबरलो, पण डायाफ्रामच्या (लिव्हरच्या वरचा श्वासाचा पडदा) आणि खांद्याच्या नसा मानेत एकाच ठिकाणाहून निघतात, त्यामुळे होतं तसं. संध्याकाळी भावाच्या गाडीने घरी, स्कूटर नाही की कदंबा बसमधून धक्के खात नाही. पहिल्या रात्री कोणीतरी सोबत हवं. पोटात दुखणं वाढत गेलं, चक्कर आली, दम लागला, ताप आला किंवा शौचाला काळं झालं तर सकाळची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टीत जायचं. आठवडाभर गॅसचा सिलिंडर वगैरे उचलायचा नाही.

रिपोर्टला माझ्या वेळी आठ दिवस लागले. काही गोळ्या चालू असतील तर इथे नावं टाकू नका, आजच डॉक्टरांना फोन करा.