नवा इमर्शन हीटर टाकीत बसवला, पण चालू करताच ईएलसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. हीटर खराब आहे का?

बहुतेक वेळा खराब नसतो, ओल धरलेला असतो. नळीत कॉइलभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते आणि हीटर पडून राहिला की ती हवेतली ओल शोषते. पुरवठा पूर्ण तोडा, वायरी सोडवा आणि 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणारं मीटर) टर्मिनल ते बॉडी रोध मोजा. 1 मेगाओहमच्या खाली आलं तर हीटर काढून ओव्हनमध्ये 120 अंशांच्या आसपास काही तास वाळवा (सील किती सोसतं ते उत्पादकाच्या पत्रकात बघून), मग पुन्हा मोजा. अर्थिंग काढून किंवा ईएलसीबी बायपास करून ‘चालवून बघू’ असं कृपया करू नका. टाकीला हात लावणाऱ्याचा जीव जाईल.

जोडणीआधी नेमप्लेट वाचाच. 230 व्होल्टचे तीन एलिमेंट 400 व्होल्टच्या थ्री फेजवर स्टारमध्येच (तिघांचं एक-एक टोक एकत्र) जोडायचे. डेल्टात (प्रत्येक एलिमेंट दोन फेजमध्ये) जोडले तर प्रत्येकावर 400 व्होल्ट येतात, उष्णता तिप्पट होते आणि एलिमेंट जळतात.

टर्मिनल बॉक्समध्ये उष्णता सोसणारी वायर घ्या, साधी पीव्हीसी तिथे तडकते. शिवाय पातळी घटताच पुरवठा तोडणारा लेव्हल स्विच थर्मोस्टॅटहून वेगळा हवा. उघडा पडलेला एलिमेंट बघता बघता लालबुंद होतो.