नाला आटला, मग बाप्तिस्मा कुठं घ्यायचा?

प्रश्न: नमस्कार जी. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, लहान आहे. ईस्टरला चार जणांचा बाप्तिस्मा ठरलाय पण नाला पार आटलाय, पास्टरसाहेब म्हणतात टाकीत देऊ, म्हातारी माणसं म्हणतात वाहतं पाणीच पाहिजे. आणि मागच्या वेळी घेतलेल्यांपैकी अर्धे तर आता उपासनेलाच येत नाहीत, मग बाप्तिस्म्यानं मंडळी वाढते असं काहून म्हणायचं?
— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर: भाऊ, टाकीचं आधी सांगतो. डिडाखे नावाची सुरुवातीच्या मंडळ्यांची एक नियमपुस्तिका आहे, तिच्यात सरळ लिहिलंय की वाहतं पाणी असेल तर त्यात द्या, नसेल तर दुसऱ्या पाण्यात, तेवढंही नसेल तर पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं तीनदा डोक्यावर ओता. म्हणजे पाण्याची टंचाई त्यांनाही माहीत होती. आणि आपल्या नागपुरातच १९७० साली सहा चर्चेस मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात लेकरांना बाप्तिस्मा देणारे होते, मोठ्यांनाच देणारेही होते, तरी दोन्ही पद्धती ठेवून एकत्र आले. टाकीवरून मंडळी फुटू देऊ नका.

आता दुसरं, ते जास्त महत्त्वाचं. बायबलातल्या प्रेषितांची कृत्ये २:४१ मधले तीन हजार बाप्तिस्मे सगळ्यांना पाठ असतात, पण लगेच पुढच्या वचनात ते लोक शिकत राहिले, एकमेकांना धरून राहिले, भाकर मोडली, प्रार्थना केली असं आहे आणि मंडळी वाढली ती त्यानं. आपल्याकडे रिपोर्टमध्ये आकडा गेला की काम संपतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. डिडाखेत तर बाप्तिस्म्याआधी घेणाऱ्यानं, देणाऱ्यानं आणि ज्यांना जमेल त्या बाकीच्यांनीही उपास करावा असं आहे, म्हणजे एकाचा बाप्तिस्मा हे सगळ्यांचं काम.

म्हणून या चौघांना आत्ताच एकेक घर जोडून द्या, तयारीचा वर्ग रात्री जेवणं झाल्यावर घ्या कारण दिवसा मजुरी बुडते, आणि ईस्टरनंतरही तो बंद करू नका. आणि जे येत नाहीत त्यांच्याकडे पास्टरसाहेबांना एकटं पाठवू नका, ज्या म्हाताऱ्यांना वाहत्या पाण्याची एवढी काळजी आहे त्यांनीच जावं. कोणाला भावकीनं लग्नात बोलावणं बंद केलं असेल, कोणी कामासाठी पुण्याकडे गेलं असेल. रविवारी का आला नाही हे विचारायच्या आधी घरचं कसं चाललंय ते विचारा.