पाळणाघरातली माहिती : कोणाला, कधी आणि किती सांगावी?

प्रश्न : कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्या राहत्या घरी मी पाळणाघर चालवते. दहा महिन्यांपासून साडेतीन वर्षांपर्यंतची सहा मुले येतात. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर ‘आत्ता काय करतोय’, ‘फोटो टाका’ असे निरोप येत राहतात. याउलट दोन मुलांना संध्याकाळी आजी-आजोबा नेतात आणि त्यांना सांगितलेले आईवडिलांपर्यंत पोहोचत नाही. गेल्या आठवड्यात एका मुलीच्या दंडाला दुसऱ्या मुलाने चावा घेतला. त्याचे नाव मी सांगितले नाही, म्हणून तिची आई नाराज आहे. पालकांना नेमके काय आणि कसे सांगावे?

उत्तर : नाव सांगितले नाही हे योग्यच केले, यापुढेही सांगू नका. दोन वर्षांच्या आसपासच्या मुलाला राग शब्दांत मांडता येत नाही, त्यामुळे चावणे ही त्या वयात नेहमी आढळणारी गोष्ट आहे. पण आपल्या गावात दोन घरांची ऊठबस एकाच गल्लीत, एकाच तालमीत किंवा एकाच भिशीत असते, आणि मुले दुसऱ्या दिवशी एकत्र खेळू लागली तरी मोठ्यांचे बोलणे महिनोन्‌महिने बंद राहू शकते. त्या आईला हक्काने कळायला हवे ते वेगळेच आहे : चावा कधी आणि कशावरून घेतला, कातडी फाटली का, जागा साबणाने आणि पाण्याने धुतली का, आणि पुन्हा असे होऊ नये म्हणून तुम्ही काय बदलले. चावणाऱ्या मुलाच्या पालकांनाही त्याच दिवशी, वेगळे बोलावून सांगावे.

संध्याकाळपर्यंत थांबू नये अशा गोष्टी थोड्याच आहेत. ताप, अंगावर अचानक उठलेले पुरळ, वारंवार उलट्या, सहा-आठ तास लघवी न होणे, रक्त आलेली जखम आणि डोक्याला लागलेला मार यांसाठी लगेच फोन करावा. डोक्याला लागल्यानंतर मूल पाच मिनिटांत हसू लागले तरीही कळवावे, कारण उलटी, गुंगी यांसारखी लक्षणे कित्येक तासांनी, म्हणजे मूल घरी असताना दिसू शकतात आणि काय घडले हेच ठाऊक नसलेली आई त्यांचा अर्थ लावू शकत नाही. गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या काही पालकांना शिफ्टमध्ये फोन जवळ ठेवता येत नाही. त्यांच्याकडून खात्याचा किंवा सुपरवायझरचा क्रमांक प्रवेशाच्या वेळीच घ्यावा.

बाकी सर्व वहीत लिहावे. प्रत्येक मुलाच्या पिशवीत एक लहान वही ठेवली, तर आजीच्या स्मरणशक्तीवर भार पडत नाही. झोप, खाणे, शी-शू, दिलेले औषध आणि त्या दिवशी दिसलेली एखादी विशेष गोष्ट एवढे पुरे. ‘आज खूप त्रास दिला’ असे मात्र लिहू नये, त्यातून पालकांना काहीच कळत नाही. ‘दुपारी झोपला नाही, चारनंतर किरकिर होती’ यातून कळते.

खरे तर आपण सगळा भर संध्याकाळच्या निरोपावर देतो, पण सकाळी पालकांनी तुम्हाला दिलेली माहिती त्याहून मोलाची असते. घाईच्या वेळी ती दारातच राहून जाते. रात्री ताप होता आणि सकाळी सात वाजता पॅरासिटामॉल दिले, हे आईने सांगितले नाही, तर दहा वाजता तुम्ही पुन्हा द्याल. दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर हवे. शिवाय ‘अर्धा चमचा द्या’ हा निरोप स्वीकारू नये. थेंबांच्या बाटलीत सहसा एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, तर सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२५ किंवा २५० मिलिग्रॅम. बाटली बदलली की तेच माप चौपट होऊ शकते. म्हणून औषधाचे नाव, बाटलीवरची मात्रा, मिलिलिटर आणि वेळ हे पालकांच्या अक्षरात वहीत असल्याशिवाय औषध देऊ नका. लस टोचून आणली असेल तर तेही लिहून घ्यावे.

एखाद्या मुलाला कांजिण्या झाल्या, तर सर्व पालकांना आजाराचे नाव त्याच दिवशी सांगावे, मुलाचे नाही. पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून लागण होत असते. आणि एखादी आई गरोदर असेल, तर तिने लगेच डॉक्टरांशी बोलणे आवश्यक असते.

ग्रुप फक्त सूचनांसाठी ठेवा. सहा घरांना पाठवलेल्या फोटोत इतरांचीही मुले असतात आणि तो पुढे कोठे जाईल यावर तुमचा ताबा राहत नाही. दुपारच्या झोपेच्या वेळी एक फोटो, ज्याचा त्याला, इतके ठरवून द्या. फोनकडे पाहणारी मावशी त्या वेळी मुलांकडे पाहत नसते.

आणखी एक गोष्ट जूनमध्येच लिहून घ्यावी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता. नदीपलीकडे कामाला जाणाऱ्या पालकांचे मूल अशा वेळी कोण नेणार, त्या व्यक्तीचे नाव, फोटो आणि क्रमांक तुमच्याकडे हवा, आणि ती व्यक्ती नदीच्या अलीकडे राहणारी हवी.

प्रश्न : आमचा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. पाळणाघरातल्या काकू म्हणाल्या, की तो दोन शब्द जोडून बोलत नाही. त्यांनी हे सांगणे आम्हाला खटकले. त्यांना तो अधिकार आहे का?

उत्तर : निदान करण्याचा नाही, पाहिलेले सांगण्याचा आहे. ‘पाणी दे’, ‘बाबा आले’ अशी जोडणी साधारण दोन वर्षांपर्यंत दिसू लागते, आणि बरोबरीच्या चार मुलांमध्ये दिवसभर वावरताना हा फरक काकूंना तुमच्या आधी जाणवणे स्वाभाविक आहे. हे दारात, इतरांसमोर सांगितले गेले असेल, तर तुमची नाराजी रास्त आहे, तेवढी मोकळेपणाने बोलून दाखवा. मात्र मागून हाक मारली तर तो वळतो का, खाणाखुणांनी मागतो का, हेही त्यांना विचारून लिहून घ्या आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा; बोलणे उशिरा येत असेल तर प्रथम कानांची तपासणी करतात. सीपीआरच्या, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयाच्या, बालरोग विभागातही दाखवता येईल.